सोळा पायऱ्या चढून गेलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात दगडी पायऱ्या आहेत, अवघ्या १६. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. १८३४ ते १९२० या काळात जवळपास ५ लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, हिंदुस्थानातून या बेटावर उतरले. त्यात रत्नागिरीकडची, कोकणातली मराठी माणसंही होती.

उसाच्या मळ्यावर करार पक्का आणि जाच त्याहून पक्का. एक खाडा झाला, की दोन दिवसांची मजुरी कापायची! ‘त्यांनी संस्कृती जपली’ असं आपण किती सहज म्हणून जातो. दिवसभर ऊस तोडून आलेल्या त्या माणसांच्या अंगात संध्याकाळी आरती म्हणण्याइतकं त्राण उरत असेल का, हा विचार मनात आला की मला हात जोडावेसे वाटतात.

घरातली मराठी मात्र पुढच्या काळात मागे पडली आणि बोलण्यात क्रिओल आली, म्हणजे फ्रेंचमधून त्या बेटावरच घडलेली बोली. याची पुष्कळांना हळहळ वाटते. मला तसं वाटत नाही. मळ्यावर शेजारी कुणी भोजपुरी बोलणारा, कुणी तमिळ, कुणी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचा वंशज. त्यांच्याशी सुखदुःख बोलायला क्रिओलच हवी होती. तिच्यामुळे ही माणसं एकटी पडली नाहीत.

आणि गणपती? तो घरोघरी बसत राहिला. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. गणपतीपुढे फेर धरून झाकरी नाचतात. आपल्या कोकणातल्या जाखडीचीच ती बहीण. मराठीही परतली, शाळेच्या वाटेने. तिथे प्राथमिक शाळेत मुलं ती विषय म्हणून शिकतात. ज्यांची आजीही घरी क्रिओलच बोलली, अशी मुलं बाराखडी गिरवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या जुन्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव. पुढच्या काळातल्या कित्येक नोंदींसोबत फोटोसुद्धा. गावांची नावं कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी उतरवलेली, त्यामुळे नकाशावर ती चटकन सापडत नाहीत. कोकणातल्या श्रोत्यांना म्हणूनच एक विनंती. असा कागद घेऊन मॉरिशसचा कुणी पाहुणा पूर्वजांचं गाव शोधत तुमच्या वाडीत आला, तर त्याला बसवून घ्या. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे न्या आणि कागदावरचं नाव मोठ्याने वाचून दाखवा.