तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठे?

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित)

मंडळी, पत्रिकेवर विषय "ढग कसे ओळखावेत" असा छापलाय आणि त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी हात वर करा बघू, आज सकाळी मोबाईलमध्ये हवामान कोणी कोणी बघितलं? बरेच आहेत. आता डोकं वर करून आभाळ कोणी बघितलं? मागच्या रांगेतल्या आजी, तुमचा हात असणारच, तुम्ही पापड घातलेत.

आता माझा आवडता शब्द. तुरळक. हवामान खात्याचं पत्रक मुळात वाचा, त्यात "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" असं असतं. या शब्दाला माप आहे. त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, पाव ते निम्म्यावर असेल तर काही ठिकाणी. जोरदारलाही माप आहे, 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे. आणि आपल्या ग्रुपवर काय येतं? "सांगली जिल्ह्यात उद्या पाऊस!!!" उद्गारचिन्हं तीन आली, तुरळक गळाला. मग पाऊस शेजारच्या गावात पडतो, आपल्याकडे कडक ऊन, आणि आपण म्हणतो की खात्याला काही कळत नाही. अहो, त्यांनी सांगितलं होतं, आपणच ते वाटेत सांडलं! याचा मला मनापासून त्रास होतो, कारण ते सांगायला माणसं रात्ररात्र बसलेली असतात.

पाऊस किती स्थानिक असतो बघा. 26 जुलै 2005, मुंबई. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला 73. मुंबईत पाऊस किती पडला याचं एक उत्तर तरी कसं देणार?

आता बेदाण्याचं सांगतो, त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तासगावकडे भावाचं शेड आहे. एप्रिलची दुपार, जाळ्यांवर माल अर्धा सुकलेला. फोनवर सूर्याचं चित्र, पावसाची शक्यता अगदी कमी, म्हणून आम्ही निवांत. जाळीवर माल हलवणाऱ्या एक मावशी होत्या, त्या जतच्या बाजूला बघून म्हणाल्या, "दादा, ढगाचं डोस्कं फुटलंय, ताडपत्र्या सोडा." मी बघितलं. तासाभरापूर्वी तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा, घट्ट, कापल्यासारख्या कडांचा ढग होता. आता त्याचा माथा सपाट पसरला होता, कडा पिंजलेल्या, खाली पोट काळंनिळं. उत्तरेची बाजू झाकून झाली आणि गार वारा सुटला, धुळीचा लोट आला, दक्षिणेची ताडपत्री हातातच राहिली. वीस मिनिटं पाऊस. आठवड्याने एकाच शेडमधला माल शेजारी शेजारी ठेवला तर एक ढीग हिरवट-पिवळा आणि दुसरा काळपट. दर निम्म्यावर.

फोन खोटं बोलला का? नाही. 2025 च्या मेमध्ये आपल्याकडे जी नवी अंदाज प्रणाली आली, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत झालेली, ती देशाचे 6 किलोमीटरचे चौकोन पाडून एकेका चौकोनाचा अंदाज देते, आधी ते 12 चे होते. आणि वळवाचा एक ढग स्वतःच काही किलोमीटरचा, तासाभरात जन्मून संपणारा, तो या चौकोनांतून निसटतो. म्हणजे उद्याचं खात्याला विचारायचं, पुढच्या तासाचं आभाळाला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे ढग आता भराभर.

नावं ठेवली ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधं बनवणाऱ्या माणसाने, 1802 मध्ये, अशाच एका छोट्या मंडळापुढे व्याख्यान देऊन. सिरस म्हणजे तंतू, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर, निंबस म्हणजे पाऊस. बाकी बहुतेक यांचीच जोडनावं.

ठिपक्याठिपक्यांचं आभाळ दिसलं की हात ताठ करायचा. एक ठिपका करंगळीआड लपला तर तो खूप उंचावरचा सिरोक्युम्युलस, तीन बोटांआड लपला तर मधला अल्टोक्युम्युलस, त्याहून मोठा तर खालचा स्ट्रॅटोक्युम्युलस. हे डोक्यावरच्या ढगांना लावा, क्षितिजाजवळच्यांना नको.

चंद्राचं खळं. आजी म्हणायची खळं लांब तर पाऊस जवळ, आणि त्यात तथ्य आहे. हात ताठ करून वीत धरली आणि खळं तेवढ्या अंतरावर असलं तर वर बर्फाच्या स्फटिकांचा पातळ थर आहे, पुष्कळदा मागून दाट ढग येतात. चंद्राला चिकटलेलं छोटं रंगीत कडं वेगळं, ते पाण्याच्या थेंबांचं. पाऊस येईलच असं नाही, पण आभाळावर लक्ष ठेवा.

आणि मावशींचा ढग, क्युम्युलोनिंबस. आपल्या भागात तो 15-16 किलोमीटरपर्यंत चढतो, तिथे त्याला छत लागतं, म्हणून लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. घट्ट कडा म्हणजे अजून वाढतोय, पिंजलेल्या कडा म्हणजे वर बर्फ झालाय. ऐरण दिसली की झाकाझाक सुरू करा, तास हातात आहे असं धरू नका. वीज चमकल्यावर आकडे मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला की शेतातून पक्क्या घरात, झाडाखाली अजिबात नाही. फोनवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा, तेही पुण्याच्याच संस्थेचं आहे.

दुसरी चिठ्ठी आली. ज्यांना करंगळीचं नीट कळलं नाही त्यांनी बाहेर पायऱ्यांवर थांबा, मघाशी येताना पश्चिमेला छान ठिपके होते, अंधार पडायच्या आत बघून घेऊ.