बाळू पालवणकर आणि कप्तानपद

श्रोतेहो, नमस्कार.

क्रिकेटनं जातपात मोडली, हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. बाळू पालवणकरांची कारकीर्द पाहिली, की प्रकरण एवढं सरळ नव्हतं हे कळतं.

बाळू चर्मकार समाजातले. १८९०च्या दशकात पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते खेळपट्टीवर रोलर फिरवत, जाळी बांधत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. डावखुरी फिरकी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर हात साफ करून घेई. बाळूंच्या हाती मात्र बॅट कुणी दिली नाही. घाम गाळणं त्यांच्या वाट्याचं, फटके साहेबाचे!

पुण्यातल्या हिंदू क्लबाला याच साहेबांना हरवायचं होतं. आली पंचाईत. बाळूंना घ्यावं तर विटाळ, न घ्यावं तर हार. मग तोड निघाली. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा. चहाच्या वेळी बाकीचे आत बसून चिनी मातीच्या कपात पिणार, बाळू बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. चेंडूला विटाळ होत नाही, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय कुणास ठाऊक!

मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळताना ही शिवाशिव बरीच सैल झाली. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढं करूनही चौरंगी सामन्यांत, म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन अशा चार संघांच्या स्पर्धेत, हिंदूंचं कप्तानपद त्यांना नाही ते नाहीच. विचारलंच कुणी, तर कारणं तयार असायची.

१९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं. त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल हेही अव्वल खेळाडू. नेतृत्वाच्या वेळी त्यांनाही डावललं. दोघं सरळ संघातून बाहेर पडले आणि हे जातीमुळे चाललंय, असं त्यांनी जाहीर सांगितलं. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध उघड बोलत होते, वारं फिरलं होतं. निवड समिती नमली. अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान झाले, आणि त्यांना संघ चालवता यावा म्हणून कप्तान पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. पैंचं कौतुक करावंच; पण भाऊ अडून बसले नसते, तर ही वेळ आली असती का?

१९२३ साली विठ्ठल रीतसर कप्तान झाले. बाळूंचं नाव तोवर एवढं मोठं झालं होतं, की १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसनं मुंबईत थेट बाबासाहेब आंबेडकरांसमोर त्यांनाच उभं केलं. ती लढत मात्र बाबासाहेबांनी जिंकली.