पहिले तीन महिने कसे काढायचे? बडोद्यातल्या कर्जदारांची शनिवारची बैठक

[दांडिया बाजार, संध्याकाळची वर्दळ. कॅमेरा एका जुन्या घराचा लाकडी जिना चढतोय.]

बडोद्यात दांडिया बाजारात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सात-आठ माणसं जमतात, कधी दहा, आणि गणपतीत नाहीतर नवरात्रात दोघं-तिघंच. खालून बघणाऱ्याला वाटतं भिशी चाललीय. पण इथे प्रत्येकाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ते रीतसर फेडायचं नुकतंच कुठे ठरलंय, म्हणजे कागदावर मांडून, बँकांना कळवून, दर महिन्याला झेपेल तेवढाच आकडा ठरवून. शूटिंगला परवानगी दिली ती एकाच अटीवर, चेहरे नाहीत आणि नावं नाहीत. त्यामुळे तुम्हाला हात दिसतील, वह्या दिसतील, आवाज ऐकू येतील.

[दोनशे पानी वही. पेनाने आखलेले चार रकाने.]

ही वही काकूंची. काकू शाळेतून रिटायर झाल्यात, नवऱ्याच्या आजारपणात दोन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन अंगावर आलं, आता बरंचसं फिटलंय, थोडं राहिलंय. नवीन माणूस आला की काकू आधी चहा देतात आणि मग ही वही उघडून त्याच्याकडून चार रकाने भरून घेतात. कोणाचं देणं, किती बाकी, व्याज किती, आणि चौथा रकाना, घरात कोणाकोणाला माहितीये. पहिले तीन भरायला दहा मिनिटं लागतात. चौथ्याला लोक पेन खाली ठेवतात.

आम्ही शूट करत होतो त्या दिवशी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, सुपरवायझर असलेले एक दादा पहिल्यांदा आले होते. चाळिशीचे, शर्ट इन केलेला, हातात प्लास्टिकची फाईल. चौथ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, बायकोला अर्धं.

अर्धं म्हणजे काय, काकूंनी विचारलं.

म्हणजे कार्डाचं माहितीये काकू, अॅपवरून घेतलेलं नाही माहीत.

कोणी हसलं नाही. कोपऱ्यातल्या एका ताईंनी नुसतं म्हटलं, माझं पण असंच होतं, आणि दादांचे खांदे जरा खाली आले. मला विचाराल तर हे काम बँकेचा माणूस नाही करू शकत, सीए नाही करू शकत, कारण ते टेबलाच्या पलीकडे बसलेले असतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे ऐकवायला घरचे, दारचे, सगळे तयारच असतात, पण पाय पसरून झाल्यावर त्या म्हणीचा उपयोग काय?

[कार्डाचं स्टेटमेंट, नाव झाकलेलं. बोट एका ओळीवर.]

आता हिशोब बघा, दादांचाच. कार्डावर बाकी १,२०,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ४,२००, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७५६, झाले ४,९५६. दादा दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायलाच लागते ती रक्कम, भरत होते, ६,००० च्या आसपास, आणि त्यांना वाटत होतं आपण नियमित भरतोय, आपलं सगळं ठीक चाललंय. त्या ६,००० मधून मूळ रकमेतले जात होते १,०४४ रुपये. वर त्याच कार्डावर किराणा पण चालू, आणि बाकी राहिली की नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. दादांनी आकडा बघितला आणि म्हणाले, म्हणजे मी दोन वर्षं नुसतं भाडं भरतोय.

हेच १,२०,००० जर १६ टक्क्यांनी तीन वर्षांच्या हप्त्यात बदलून मिळाले तर महिन्याचा हप्ता येतो साधारण ४,२२०. आज भरतात त्यापेक्षा कमी, आणि तीन वर्षांनी संपणार. मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातं, आणि मागायचं असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

[काकूंचा हात, वहीत नवीन पान.]

कर्ज असं प्लॅन करून फेडायची कल्पना इथे आली कुठून तर इंग्लंडातल्या लेस्टरहून. बडोद्याच्या प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणीतरी परदेशात असतं, तसा काकूंचा भाचा तिकडे, आणि तो तिकडच्या डेट मॅनेजमेंट प्लॅनमध्ये होता. तिकडे हे सगळं बसवलेलं आहे, स्टेपचेंजसारखी धर्मादाय संस्था फुकटात तुमचा घरखर्च बसवून देते, मग उरलेली रक्कम तुम्ही महिन्याला एकदाच भरायची आणि ती सगळ्या घेणेकऱ्यांना ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटली जाते. घरभाडं, वीज, टॅक्स असली देणी त्यात येत नाहीत, ती आधी भरायची. इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून तर कर्जदाराला ६० दिवसांची कायदेशीर उसंत पण मिळू शकते, तेवढ्यात व्याज नाही आणि वसुलीचा तगादा नाही.

आपल्याकडे असं काही बसवलेलं नाही. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात साध्या माणसासाठी कलमं लिहिलेली आहेत पण ती अजून सगळ्यांना लागू केलेली नाहीत, फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना डिसेंबर २०१९ पासून लागू आहेत. म्हणून इथे प्रत्येक बँकेला आपणच वेगळं पत्र लिहायचं, पगाराची स्लिप जोडायची, खर्चाचा तक्ता जोडायचा.

वाटणी कशी करायची तेही काकू वहीतच दाखवतात. दादांचं एकूण देणं ३,००,०००, कार्ड १,२०,०००, पर्सनल लोन १,०५,०००, अॅप ४५,०००, मित्राचे ३०,०००. घरखर्च जाऊन हातात राहतात ९,०००. प्रमाणात वाटले तर कार्डाला ३,६००, लोनला ३,१५०, अॅपला १,३५०, मित्राला ९००. दादा खूश झाले, बसलं की! काकू म्हणाल्या, बसलं कुठे, कार्डाचं नुसतं व्याजच ४,९५६ आहे आणि तू देणार ३,६००, बाकी वाढतच जाणार रे. म्हणजे व्याज कमी झाल्याशिवाय किंवा थांबल्याशिवाय ही वाटणी फुकट आहे, म्हणून पत्रात पहिली मागणी व्याजाची करायची, मुदतीची नंतर. तिकडे पण बँका बऱ्याचदा व्याज थांबवतात म्हणूनच तो प्लॅन चालतो.

[मोबाईल टेबलावर, व्हायब्रेट होतोय.]

पत्र गेल्यावर लगेच काही शांत होत नाही. उलट फोन वाढतात. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, की सगळ्यात वाईट पहिले दोन-तीन महिने, बँकेचं उत्तर आलेलं नसतं, एखादा हप्ता अर्धाच गेलेला असतो, सिबिल स्कोअर खाली आलेला असतो आणि घरात वाटायला लागतं की आधीच बरं होतं. प्लॅन इथेच मोडतात. माणूस घाबरून नवीन लोन घेतो आणि जुना हप्ता भरतो, झालं, पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून इथे फोनची प्रॅक्टिस होते, आणि ही खरंच बघण्यासारखी गोष्ट आहे. काकू होतात रिकव्हरीवाला. आवाज चढवून, चक्क हिंदीत, कब भरोगे, ऑफिस आ जाऊं क्या? समोरच्याने शांतपणे उत्तर द्यायचं, तुमचं नाव सांगा, एजन्सीचं नाव सांगा, मी बँकेला अमुक तारखेला मेल केलाय, उत्तर लेखी द्या. दादांची पहिल्यांदा त-त-प-प झाली, दुसऱ्यांदा सॉरी म्हणाले, तर सगळे एकदम ओरडले, सॉरी नाही म्हणायचं! तिसऱ्या वेळी जमलं.

नियम सगळ्यांना पाठ आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाईकांना-मित्रांना त्रास देता येत नाही, चारचौघात अपमान करता येत नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी नाही, माहितीसाठी नंबर १४४४८.

[एका तरुण मुलीचे हात, ओढणीचं टोक बोटाभोवती.]

ह्या मुलीची गोष्ट वेगळी. नर्सिंगच्या फीसाठी मोबाईलवरच्या एका अॅपवरून थोडे पैसे घेतले, अॅपने कॉन्टॅक्ट लिस्ट उचलली आणि मग मैत्रिणींना, मामांना, होस्टेलच्या बाईंना मेसेज. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या अॅपला कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो वगैरेला हात लावता येत नाही, हे तिला इथे येऊन कळलं. ज्या रात्री फोटो एडिट करून पाठवायची धमकी आली त्या रात्री तिने काकूंना फोन केला, आणि काकू दुसऱ्या एका ताईंना घेऊन रिक्षाने होस्टेलवर गेल्या. १९३० वर सायबरची तक्रार तिथे बसूनच केली. मन फारच खचलं तर १४४१६, टेली मानस, हा नंबर पण वहीच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, आणि काकू तो नवीन माणसाला न विचारता देतात.

बैठकीचे नियम म्हणाल तर दोनच, पण कडक. एकमेकांना पैसे द्यायचे नाहीत, शंभर रुपये पण नाहीत. आणि एकमेकांना जामीन राहायचं नाही. मला आधी हे जरा कोरडं वाटलं, पण नीट बघितल्यावर पटलं, पैसा आला की ही बैठक पण एक घेणेकरी होऊन बसेल. तिसरी गोष्ट नियम नाही पण सगळे सांगतात, हप्ते भरणं बंद करा आम्ही सेटलमेंट करून देतो म्हणून आधीच फी मागणाऱ्यांपासून लांब राहा. सेटलमेंट झालं, म्हणजे कमी पैशात मिटवलं, की क्रेडिट रिपोर्टवर सेटल्ड असं येतं, क्लोज्ड नाही, आणि पुढची बँक ते बघते. रिपोर्ट स्वतः बघायला चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही.

[रावपुऱ्याकडची जुनी इमारत, मग सुरसागर, संध्याकाळ.]

बडोद्याला हे नवीन नाही म्हणा. १८८९ मध्ये ह्याच शहरात विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकरांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी सुरू झाली, भारतातली बहुधा पहिली परस्पर मदतीची पतसंस्था, सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, म्हणजे त्याच्या १५ वर्षं आधी. सयाजीरावांची बँक ऑफ बडोदा पण नंतरची, १९०८ ची. त्या मंडळीत सभासदांना कर्ज मिळायचं, ह्या बैठकीत मिळत नाही, फरक मोठा आहे. पण अडचण ओळखीच्या माणसांत बसून सांगायची ही सवय ह्या गावाला जुनीच.

सगळ्यांचं जमतं असं पण नाही. एक काका चार-पाच शनिवार आले आणि मग बंद झाले, त्यांची पेन्शन घरखर्चालाच पुरत नव्हती, आणि जिथे उरतच काही नाही तिथे वाटायचं काय. अशा वेळी बैठक वकिलाकडे पाठवते आणि गप्प बसते. उगाच धीर देत नाही, हे मला आवडलं.

[पुन्हा तीच खोली. प्लास्टिकची फाईल.]

दादांना कार्डवाल्या बँकेचं उत्तर आलं, कार्ड ब्लॉक करून बाकी रकमेचे ३६ हप्ते. सही करायच्या आधी कागद इथे आला, सगळ्यांनी वाचला, आणि तेव्हा दुसरीच गोष्ट निघाली, की पर्सनल लोनला जामीन दादांचे वडील आहेत आणि त्यांना ह्यातलं काहीच माहीत नाही. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, बँक उद्या सरळ त्यांच्या पेन्शनच्या खात्याबद्दल विचारू शकते. काकू म्हणाल्या, बायकोचं तुझं तू बघ, पण बाबांना आज रात्री सांग.

घरी काय झालं ते दादांनी सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी मात्र दादांचे वडील स्वतः कठडा धरत जिना चढून आले, खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि बँकेचा कागद हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, ही प्रोसेसिंग फी कोणी मान्य केली?