आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली की काय करायचं?

नमस्कार मंडळी! २०२२ ला १० जुलै, आषाढी एकादशी आणि त्याच दिवशी बकरी ईद. २०२३ ला २९ जून, परत दोन्ही एकत्र. २०२४ ला १७ जुलै, आषाढी आणि मोहरमची दहावी तारीख. २०२५ ला ६ जुलै, परत तेच. सलग चार वर्षं! लोकांना वाटतं योगायोग आहे, पण यात साधं गणित आहे.

बघा, आपला महिना अमावस्या संपली की सुरू होतो आणि हिजरी, म्हणजे मुस्लिम कालगणनेचा, महिना अमावस्येनंतर चंद्रकोर दिसली की, म्हणजे फरक एक-दोन दिवसांचाच. बकरी ईद असते जिल्हेज या हिजरीतल्या शेवटच्या महिन्याच्या १० तारखेला, आणि आषाढी शुद्ध एकादशीला, मग आषाढ आणि जिल्हेज जोडीने आले की ते दोन दिवस एकमेकांवर किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने पडणारच. दोन्ही वर्षं साधारण ३५४ दिवसांची, फक्त आपण पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालतो आणि हिजरीत तो नसतो. २०२३ ला अधिक श्रावण आला, म्हणून पुढच्या आषाढीला ईद नाही, जिल्हेजनंतरचा मोहरम आला.

हिजरी महिने असे सरकत सरकत फिरून परत आषाढीवर येतात, म्हणजे हे आपल्या आजी-आजोबांनीही बघितलंय आणि आपली पोरंही बघणार आहेत. मग करायचं काय?

२०२३ चं सांगतो. त्याच जूनच्या सुरुवातीला कोल्हापुरात स्टेटसवरून दगडफेक झालेली, वातावरण पार बिघडलेलं, आणि तरी राज्यात कितीतरी गावांतल्या मुस्लिम लोकांनी एकत्र बसून ठरवलं की नमाज ईदगाहवर त्याच दिवशी, पण कुर्बानी दुसऱ्या दिवशी. आता हे खूप जणांना माहीतच नसतं, कुर्बानी १०, ११, १२ अशी तीन दिवस करता येते. म्हणजे त्यांनी धर्म सोडला नाही, धर्मातच जी सवलत आहे ती शेजाऱ्यासाठी वापरली. मला हे फार मोठं वाटतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरच्या भाभींनी आईला जिन्यातच विचारलं, ताई, तुमचा उपवास कधी सुटतो? आई म्हणाली, उद्या द्वादशीला. बस, एवढंच बोलणं झालं. आई माळकरी आहे, तिला मटणाचा वाससुद्धा नको असतो, तर त्यांनी कुर्बानीही दुसऱ्या दिवशी ठेवली आणि उपवास सुटल्यावर आमच्याकडे शिरखुर्मा आला, तोही वेगळ्या पातेल्यात केलेला. आईने तो खाल्ला. आणि रमजानमध्ये आई साडेसहानंतर पाण्याची मोटर आधी त्यांच्यासाठी लावायला सांगते, इफ्तारची घाई असते म्हणून.

आणि हो, दरवेळी त्यांनीच सरकायचं का? हा प्रश्न खरा आहे आणि आपण तो स्वतःला विचारलाच पाहिजे. मुंबईत २०२३ ला २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तर मुस्लिमांनी ईदचा जुलूस, म्हणजे मिरवणूक, २९ ला काढला, २०२४ लाही १८ सप्टेंबरवर नेला. मग आपल्या मंडळाने अजानच्या वेळी दोन-चार मिनिटं स्पीकर बंद ठेवला तर काय बिघडतं? आमचं मंडळ ठेवतं. कुणी सांगितलं नव्हतं, पोरांनीच ठरवलं.

कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाडला जा, तिथे मशिदीत गणपती बसतो. सांगलीच्या गोटखिंडीतपण. २०१८, १९ आणि २० ला गणपती आणि मोहरम बरोबरच आले, तेव्हा कुरुंदवाडला एकाच छपराखाली पीरांचे पंजे आणि बाप्पा! सांगलीच्याच कडेगावला मोहरमच्या ताबुतांमध्येही हिंदू घरांचे ताबूत असतात, ताबुतांच्या भेटी बघायला मोठी गर्दी होते.

तुमच्या गावात, सोसायटीत दोन सण एकत्र आले तेव्हा काय ठरलं होतं? कोण कुणाकडे बोलायला गेलं होतं? खाली कमेंटमध्ये नीट सविस्तर लिहा, मी सगळ्या वाचतो.