महिन्याचा किराणा: आधी डबे मोजा

मंडळी, यादी करायला बसलं की बरेच जण मागच्या महिन्याचं बिल काढतात आणि तेच आकडे नव्या कागदावर उतरवतात. बिलात आपण आणलेलं असतं, संपलेलं नसतं. पाच किलो साखर आणली, त्यातली दीड किलो डब्यात पडून आहे, तरी यादीत पुन्हा पाच किलो. चार महिन्यांत सहा किलो साखर साठते आणि तेल मात्र दर महिन्याच्या पंचवीस तारखेला तळाला जातं. पैसा तेवढाच गेला, पण नको त्या डब्यात जाऊन बसला.

म्हणून पहिला महिना फक्त मोजायचा. प्रत्येक डब्याला कागदाची एक पट्टी चिकटवा आणि नवं पाकीट फोडलं की तारीख लिहा, एवढंच. समजा, तेलाची एक लिटरची पिशवी 3 तारखेला फोडली आणि पुढची 12 तारखेला फोडावी लागली. म्हणजे एक लिटर नऊ दिवस पुरतं. तीन लिटर आणलं तर सत्तावीस दिवस, आणि 31 दिवसांच्या महिन्यात चार दिवस कोरडे. ही तूट मग महिनाअखेरीला, हातात पैसे कमी असताना, लहान महाग पाकिटाने भरली जाते.

ज्यांच्याकडे अजून नोंद नाही त्यांनी तांदळापासून सुरुवात करावी. मोठ्या माणसाला एका जेवणाला सुमारे 75 ग्रॅम कच्चा तांदूळ धरा. चौघांना, दिवसातून एक वेळ, 300 ग्रॅम. तीस दिवसांचे 9 किलो. वाटीने घेण्याची सवय असेल तर ती वाटी एकदा काट्यावर ठेवून बघा. सपाट वाटी आणि शिगोशीग वाटी यांत चांगलाच फरक पडतो, आणि रोजचा तो फरक महिन्याला किलोच्या घरात जातो.

आता हिशेब असा: रोजचा वापर गुणिले दिवस, अधिक सात दिवसांची शिल्लक, उणे डब्यात आज असलेलं. वरच्या घरात 9 किलो, अधिक शिल्लक 2.1 किलो, म्हणजे 11.1. डब्यात 2.6 किलो आहे, तर आणायचे 8.5 किलो. ही सात दिवसांची शिल्लक तांदूळ, डाळ, तेल, मीठ, साखर अशा अडवणाऱ्या जिनसांसाठीच. बिस्किटांची शिल्लक ठेवू नये. ती राहतच नाही. घरात जास्त असलं की जास्त खाल्लं जातं, आणि हा खर्च कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

‘दिवस’ मोजताना एक गफलत नेहमी होते. चार आठवड्यांचं सामान म्हणजे महिन्याचं सामान, असं धरलं जातं. चार आठवडे म्हणजे 28 दिवस. बारा महिने असं केलं तर वर्षात 29 दिवसांचा खड्डा पडतो, म्हणजे जवळजवळ तेराव्या महिन्याचा किराणा. तो कुठून येतो ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही.

पैशांची विभागणी यादीनंतर करायची, आधी नाही. एकूण रक्कम शंभर धरली तर पहिल्या दिवशी कोरड्या सामानावर साठच्या आसपास, दर आठवड्याच्या ताज्या मालाला तीस, आणि दहा बाजूला. घरागणिक हे प्रमाण हलेल, पण पहिल्याच फेरीत नव्वद गेले तर शेवटचे दोन आठवडे ताज्या भाजीच्या पैशांना कात्री लागणार, हे नक्की. यादी रकमेच्या वर गेली तर सगळ्यातून थोडं थोडं कापू नका. तसं केलं की सगळंच वेळेआधी संपतं. तयार खाण्याची पाकिटं आधी उडवा, मग दोन प्रतींपैकी महागडी प्रत. साबण, धुण्याची पावडर, दंतमंजन यांचा हिशेब वेगळा वहीत. त्यांची चाल वेगळी असते. जी वस्तू 45 दिवस टिकते ती दर तीस दिवसांनी आणली की कपाटात तिचाच ढीग होतो.

दुकानात भाव बघताना पाकिटावरचा आकडा न बघता किलोचा भाव काढा. भाव भागिले ग्रॅम, गुणिले हजार; मोबाइलवर क्षणात होतं. तेलात तर हटकून फसायला होतं. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. लिटरची पिशवी 100 ला आणि किलोची 105 ला असेल तर हात लिटरकडे जातो. पण त्या लिटरचा किलोचा भाव 110 पडतो. दुसरी खोड पाकीट बारीक करण्याची: भाव तोच, वजन 100 ग्रॅमचं 90 झालं, म्हणजे 11 टक्के भाववाढ झाली आणि बाहेर कुठे लिहिलं नाही.

मोठी गोणी स्वस्त, हे अर्धं खरं आहे. किलोमागे दहा टक्के वाचत असतील आणि शेवटी एक दशांश माल टाकावा लागला, तर नफा शून्य. त्याहून जास्त गेलं की तोटा. त्यामुळे प्रश्न टिकण्याचा आहे. पांढरा तांदूळ, साखर, मीठ यांना ओल लागली नाही तर धास्ती नाही. डाळी आणि कडधान्यंही टिकतात, पण उष्ण-दमट जागेत महिनोन्‌महिने राहिली की शिजायला हट्टी होतात. डाळ स्वस्त पडली आणि गॅस जास्त जळला, असं होऊ देऊ नका. कोंड्यासकटचं पीठ, असडी तांदूळ, दाणे आणि सुकामेवा मात्र थोडं थोडंच. त्यांच्यात तेल असतं. हवा, उजेड आणि उष्णता मिळाली की ते खवट होतं. पिठाला जुन्या तेलाचा वास आला आणि जिभेवर कडवट लागलं तर चाळून काही होणार नाही. गरम दिवसांत पीठ दोन-तीन आठवड्यांपुरतंच आणा. दळलेले मसाले खराब होण्याआधी वास गमावतात. मग आपण दुप्पट घालतो. लहान पुडी घ्यावी.

आता कीड. तांदळातल्या सोंड्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी धावपळ वाचेल. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि ते भोक लिंपून टाकते. अळी आतल्या आत दाणा पोखरते. बाहेरून दाणा अखंड, स्वच्छ. उबदार हवेत साधारण महिना-दीड महिन्याने पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो आणि मग आपण म्हणतो, ‘डब्यात कीड झाली!’ ती बहुतेक वेळा पिशवीतून आलेली असते. मूठभर दाणे पाण्यात टाका. पोकळ झालेले वर तरंगतात. डब्यात वासाची पानं ठेवली तरी दाण्याच्या आतली अळी मरत नाही. नुसतं ऊन दाखवलं की बाहेरचे किडे पळतात, आतले राहतात. फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर किलो-किलोच्या बंद पिशव्या चार दिवस ठेवल्या तर अंडी आणि अळ्याही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. दाणे खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर त्यांच्यावर पाणी धरतं आणि किडीऐवजी बुरशी येते. उन्हात वाळवलेलं धान्यही पूर्ण निवल्यावरच भरा.

आणि जुन्यावर नवं ओतायचं नाही. ही सवय सगळ्यात महाग. डब्याच्या तळाशी एक थर कधीच वर येत नाही, आणि कीड तिथूनच सुरू होते. उरलेलं वाडग्यात काढा, डबा धुऊन अगदी कोरडा करा, नवं भरा आणि काढलेलं आधी वापरा. पाकिटावरची तारखेची चिठ्ठी कापून डब्यात ठेवा. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत चव-दर्जा चांगला, ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खाऊ नये. आणि दोन्ही तारखा न फोडलेल्या पाकिटाच्या आहेत. डबे घेताना मापही बघा: पाच लिटरच्या डब्यात तांदूळ सुमारे 4 किलो मावतो, पीठ जेमतेम 3 किलो. न मावलेलं रबर लावलेल्या फाटक्या पिशवीत राहतं, आणि किड्यांना तेच सोयीचं.

कांदे-बटाटे थोडक्यात: एकत्र ठेवू नका, आणि बटाटे अंधारात ठेवा. हिरवट पडलेला, कडू बटाटा टाकून द्या.

दर महिन्याच्या 24-25 तारखेला सगळे डबे उघडून उरलेलं वजन पट्टीवर लिहा. सलग दोन महिने जो डबा लवकर रिकामा झाला त्याचा आकडा एक दशांशाने वाढवा. सलग दोन महिने जो अर्ध्याच्या वर राहिला तो जिन्नस पुढच्या यादीतून पूर्ण गाळा, आणि पट्टीवर सात दिवसांपुरतं उरलं असं दिसेपर्यंत त्याला हात लावू नका.