गाव उभे वाढवताना

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, येवला, मनमाड, चांदवड यांसारख्या नगरपरिषदांच्या गावांत घरांची मागणी वाढते आहे आणि ती घरे बांधायची कोठे, हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. सिन्नरच्या माळेगाव आणि मुसळगाव औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्याला जवळ परवडणारी खोली हवी असते, तर समृद्धी महामार्ग आल्यापासून आसपासच्या जमिनीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली आहे. अशा वेळी गावापुढे दोन वाटा असतात : शेतजमीन बिनशेती करून आडवे पसरायचे, किंवा आहे त्या वस्तीत अधिक बांधकामाला परवानगी देऊन उभे वाढायचे. माझे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूचे आहे, कारण बागायती जमीन एकदा प्लॉटिंगखाली गेली की पुन्हा शेतीत येत नाही, आणि शिवारात विखुरलेल्या प्लॉटांपर्यंत जलवाहिनी, गटार व दिवाबत्ती नेण्याचा खर्च लहान नगरपरिषदेला झेपत नाही. मात्र उभे वाढण्याची परवानगी सरसकट, साऱ्या गावाला एकच माप लावून दिली जाऊ नये, एवढेच मला आज मांडायचे आहे.

भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे बोलीभाषेतला एफएसआय, ठरवतो. डिसेंबर 2020 मध्ये राज्याच्या बहुतांश भागात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत गावठाणाबाहेरच्या रहिवास विभागासाठी मूळ निर्देशांक 1.10 आहे. शिवाय जिने, बाल्कनी यांसारख्या पूर्वी मोजणीतून सुटणाऱ्या भागांसाठी अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून 60 टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळते. 200 चौरस मीटरच्या प्लॉटवर मूळ 220 आणि अनुषंगिक 132, असे 352 चौरस मीटर बांधकाम त्यातून होऊ शकते. याहून जास्तीचे क्षेत्र समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते, आणि गावठाणाबाहेर 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ते दिले जात नाही.

ही अट जाचक वाटते, पण तिच्यामागचे कारण नाशिककरांनी जवळून पाहिले आहे. शहरात 6 आणि साडेसात मीटर रस्त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. मग घरांतील कपाटांसाठी काढलेल्या जागेचे क्षेत्र निर्देशांकात धरायचे की नाही यावरून वाद झाला, आणि अरुंद रस्त्यामुळे जास्तीचे क्षेत्र मिळत नसल्याने अनेक इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले आणि घराचे पैसे भरलेली कुटुंबे मध्येच लोंबकळत राहिली. पुढे दोन्ही बाजूंच्या मालकांनी जागा सोडून रस्ता 9 मीटर करण्याचा मार्ग पुढे आला. इमारत उभी राहिल्यावर रस्ता रुंद करणे किती अवघड असते, हे तेव्हा कळले. लहान गावांना तो क्रम उलटा ठेवण्याची संधी अजून आहे.

रस्ता निदान डोळ्यांना दिसतो. पाण्याचा हिशेब कोणी मांडत नाही. भुयारी गटार असलेल्या गावासाठी माणशी दररोज 135 लिटर पाणी, असे नियोजनाचे प्रमाण आहे. पाच माणसांच्या बंगल्याला 675 लिटर लागतात. त्याच जागी आठ सदनिका झाल्या आणि प्रत्येकीत चार माणसे धरली, तर 4,320 लिटर लागतील, आणि त्यातले बहुतांश सांडपाणी होऊन त्याच जुन्या नालीत उतरेल. मनमाडला वर्षानुवर्षे उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे, वागदर्डी धरण आणि पालखेड कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसावे लागले आहे. तेथे मजले वाढवण्याचा प्रस्ताव पाण्याच्या वाढीव तरतुदीशिवाय मांडणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. टँकरवाल्यांची मात्र चांगलीच सोय होईल.

गावठाणाची गोष्ट वेगळी आहे. तेथील अरुंद, खोल वाडे मुळातच दाट वस्तीचे. त्यांचा पुनर्विकास अडतो तो निर्देशांकाच्या कमतरतेपेक्षा मिळकत पत्रिकेवरील वारसांच्या लांबलचक यादीमुळे आणि जुन्या भाडेकरूंच्या हक्कांमुळे. तेथे केवळ आकडा वाढवून काही हलणार नाही. नदीकाठच्या वाड्यांना तर निळ्या आणि लाल पूररेषेची, म्हणजे पुराचे पाणी कोठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या रेषांची, मर्यादा आहेच. नाशिकच्या सराफ बाजारात आणि दहीपुलावर ऑगस्ट 2016 मध्ये पाणी शिरले होते, हे विसरून चालणार नाही.

कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या गावाच्या विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा, म्हणजे एखादी जमीन शेती विभागातून रहिवास विभागात आणायची, तर नगरपरिषदेला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली सूचना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी एक महिन्याची मुदत असते, आणि अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. हा महिना बहुतेकांच्या नकळत निघून जातो, कारण सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लहान अक्षरांत येते. म्हणून नगरपरिषदेच्या कार्यालयात नकाशा पाहून यावा. हरकत लिहिताना केवळ विरोध किंवा पाठिंबा नोंदवून थांबू नये. गट क्रमांक, समोरच्या रस्त्याची टेपने मोजलेली रुंदी, नळाला किती दिवसांनी पाणी येते आणि पावसाळ्यात गटार कोठे तुंबते, हे लिहावे, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी.