समासातलं वाचायला शिका

तर मंडळी, अभिजात म्हटलं की आपण आधी सावरूनच बसतो, आणि मग पुस्तक उघडायच्या आधीच निम्मं अवसान गळालेलं असतं. मला आज एवढंच सांगायचंय की ही मोठी माणसं लिहिताना चांगलीच अडखळलेली आहेत, खोडलंय, वाढवलंय, परत परत तेच लिहिलंय, आणि ते अडखळणं एकदा दिसायला लागलं की वाचायला खरी मजा येते. नाहीतर मग हातात उरतात ते फक्त सकाळी सकाळी फॉरवर्ड होणारे सुविचार.

आता मोंतेन घ्या, सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार. 1571 च्या सुमारास हा माणूस न्यायालयातलं पद सोडून घरच्या बुरुजात पुस्तकं घेऊन बसला. निबंधांचे पहिले दोन भाग 1580 ला छापून आले, 1588 ला तिसरा आला, आता तरी गप्प बसावं ना, तर छे! छापलेल्या प्रतीच्याच समासात 1592 मध्ये मरेपर्यंत हा भर घालतोय. ती प्रत बोर्दोमध्ये आजही जपून ठेवलीय. त्यातला मैत्रीवरचा निबंध बघा. त्याचा जिवलग मित्र ला बोएसी 1563 लाच गेलेला. 1580 च्या आवृत्तीत तो एवढंच म्हणतो, की माझा त्याच्यावर जीव का होता असं कुणी फारच खोदून विचारलं तर ते मला सांगता येणार नाही. संपलं वाक्य. मग कधीतरी समासात येतं, ‘कारण तो तो होता’. आणि त्याच्यापुढं, वेगळ्या शाईत, म्हणजे आणखी नंतर, ‘कारण मी मी होतो’. आपण हे दोन्ही तुकडे एका दमात वाचतो आणि वा वा करतो, पण मित्र जाऊन पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर या माणसाला उत्तर सुचतंय, तेही अर्धं अर्धं! चांगल्या आवृत्त्यांमध्ये कुठला मजकूर कधीचा हे ए, बी, सी अशा खुणांनी दाखवलेलं असतं, मिळाली तर तीच घ्या. आधी फक्त ए, म्हणजे 1580 चा मजकूर वाचा, मग सगळं.

मार्कस ऑरेलियसबद्दल तक्रार असते की तो तेच तेच सांगतो. मरण, राग, कीर्ती, परत मरण. अहो पण सांगतोय कुणाला? स्वतःलाच! रोमचा सम्राट, बरंचसं युद्धाच्या धामधुमीत, स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहितोय. पाचव्या भागाची सुरुवातच बघा, पहाटे उठायचा कंटाळा आलाय आणि तो स्वतःशी हुज्जत घालतोय, उबेत लोळायलाच जन्माला आलास का रे? तर आतून उत्तर येतं, पण बरं वाटतं ना! एकदा सांगून भागलं असतं तर परत लिहावं कशाला लागलं असतं. आपल्याला खरं तर हे नवीन नाहीच, मनाचे श्लोक 205 आहेत, मन ऐकणारं असतं तर पाचात काम झालं असतं.

कवितेत तर हे अजूनच. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन 1886 मध्ये गेली, 1890 ला पहिला संग्रह आला तेव्हा संपादकांनी तिचे डॅश काढून विरामचिन्हं सरळ केली, काही ठिकाणी शब्दसुद्धा बदलले, म्हणजे जिथं ती थबकत होती तिथं वाचणारा भरधाव. हस्तलिखितात तर ती शब्दापाशी फुलीची बारीक खूण करून खाली पर्यायी शब्द लिहून ठेवायची आणि कितीतरी ठिकाणी शेवटपर्यंत निवड करायचीच नाही. एका कवितेचं दुसरं कडवं वहिनीला, सुझनला, आवडलं नाही म्हणून एमिलीनं नवं लिहून पाठवलं, मग आणखी एक. सुझनचं म्हणणं, पहिलं कडवं एकटंच पुरेसं आहे. मला विचाराल तर सुझन बरोबर होती.

आता तुम्ही म्हणाल त्या तत्त्वज्ञ स्पिनोझाचं काय, त्याचं एथिक्स हे पुस्तक तर भूमितीच्या पुस्तकासारखं, व्याख्या, प्रमेय, सिद्धता, कुठं फट म्हणून नाही. आहे की, अधूनमधून सिद्धतेला जोडलेल्या टिपा आहेत, तिथं सूर बदलतो, माणूस मोकळं बोलतो, चिडतोसुद्धा. पहिल्यांदा वाचताना मी तर सांगेन बिनधास्त आधी त्या टिपाच वाचा, प्रमेयं काही पळून जात नाहीत.